मैत्रीवर पहारा बसवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आमच्या गावातील प्रार्थनासभेचे पास्टर
आणि
धर्मरक्षणासाठी स्थापन झालेल्या युवा संघटनेचे अध्यक्ष

सप्रेम नमस्कार.

यंदा चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या तोंडावर गावात दोन निरोप फिरले. पास्टर, तुमच्या सभेत सांगितले गेले की सभासदांनी मूर्तिपूजकांच्या घरी सणाला जाऊ नये, तिथे जेवू नये आणि मुलांना सभेबाहेरच्या मुलांशी शाळेपुरतेच बोलू द्यावे. अध्यक्ष महाशय, तुमच्या संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले की येत्या नाताळाला ख्रिस्ती घरी कोणी जाऊ नये, तिथून आलेले ताट परत पाठवावे आणि आपल्या बहिणींचे मित्र कोण आहेत यावर भावांनी लक्ष ठेवावे. तुम्ही दोघे एकमेकांचे तोंड पाहत नाही. तरी हे दोन निरोप शेजारी ठेवून वाचले तर देवाचे नाव सोडून त्यांत फरक काय, हे मला सांगता येत नाही.

दोघांशीही मी आधी घरी येऊन बोलले. पास्टर, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलेत आणि माझ्यासाठी प्रार्थना करीन म्हणालात. अध्यक्ष महाशय, तुम्ही म्हणालात, ‘काकी, तुम्हांला यातले कळत नाही.’ म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते आहे.

माझी सगळी नोकरी नागरी नोंदणी कार्यालयात गेली. 1910 च्या पोर्तुगीज कायद्यानुसार गोव्यात लग्न हा नागरी करार आहे. मग होमाभोवती फेरे घ्या नाहीतर इगर्जीत (चर्चमध्ये) जा, नोंदणी सगळ्यांनाच लागते. पहिली सही झाली की नोटीस लागते, कोणाची हरकत असेल तर ती घ्यायला मुदत मिळते आणि मग दुसरी सही. या दोन सह्यांच्या मधल्या दिवसांत माणसे कशी वागतात ते मी टेबलापलीकडे बसून पाहिले आहे. म्हणून यातले मला थोडे कळते, असे नम्रपणे सांगते.

आणि घरचे म्हणाल तर, माझी शेजारीण आणि मी एकाच पावसाळ्यानंतर लग्न होऊन या वाड्यावर आलो. ती कॅथलिक, मी हिंदू. आमच्या दोघींच्या घरांत एक बांध आहे आणि त्या बांधावरून पातोळ्या, दोदोल, मिरच्यांची रोपे, तापाच्या गोळ्या, उसने पैसे, सगळे ये-जा करत आले. कोणी कोणाला बाटवले नाही. ती अजून रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणते, मी अजून तुळशीपाशी दिवा लावते.

तिचा मुलगा दारूच्या पायी जवळजवळ गेला होता. पास्टर, त्याला तुमच्या सभेने वर काढले. हे मी सगळ्यांसमोर मान्य करते, कारण ते खरे आहे आणि गावातल्या कोणालाच ते जमले नव्हते, ना कुटुंबाला, ना डॉक्टरला. तुम्ही त्याला सांगितलेत की जुन्या सोबत्यांबरोबर तावेर्नीत, दारूच्या गुत्त्यात, बसायचे नाही. योग्यच सांगितलेत. व्यसनातून उठणाऱ्या माणसाला काही दरवाजे बंद करावेच लागतात. ते पाहून मी त्याच्या आईला म्हटले होते, देव कोणाच्या रूपाने येईल सांगता येत नाही.

पण तो नियम तावेर्नीपाशी थांबला नाही. आधी दारू पिणारे सोबती गेले. मग न पिणारे, पण सभेला न येणारे गेले. मग चवथीचे जेवण गेले. मग खुरसाजवळची (क्रुसाजवळची) लादायन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना गेली, कारण तुमच्या मते कॅथलिकही चुकीच्याच वाटेवर आहेत. शेवटी बैठकीच्या खोलीतला आल्तार, म्हणजे त्यांचा देव्हारा उतरला. शेजारणीच्या सासूने, तिच्याही सासूने ज्या सायबिणीपुढे (मरियममातेपुढे) मेणबत्ती लावली ती मूर्ती आता शेजारणीच्या झोपायच्या खोलीत कपाटावर आहे आणि ती स्वतःच्या घरात दार लोटून तेर्स म्हणते. पास्टर, मी तर परकीच आहे. पण त्याची आईसुद्धा परकी ठरली, तेव्हा हा नियम कोणापाशी जाऊन थांबणार आहे?

माझी तुमच्याकडे मुख्य तक्रार मात्र तिच्या नातीची आणि माझ्या नातीची आहे. दोघी बालवाडीपासून एका बाकावर बसल्या. यंदा दहावीला आहेत. चवथीनंतर तिची नात येईनाशी झाली. माझ्या नातीने विचारले तर उत्तर मिळाले, ‘तू रविवारी सभेला आलीस तर आपण बोलू शकतो.’ पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी हे वाक्य तिचे स्वतःचे नसते. माझ्या नातीला त्याचा अर्थ लगेच कळला. इतकी वर्षे एकत्र डबा खाल्ला, गणिते सोडवली, पहिल्यांदा पाळी आली तेव्हा एकमेकींना धीर दिला, आणि आज तिची किंमत ती सभेत येते की नाही यावर ठरणार. तुमच्या शिकवणीत बाहेरच्या माणसाला दोनच जागा आहेत. एक, तो आत आणण्याजोगा. दुसरी, तो टाळण्याजोगा. नुसता मित्र ही तिसरी जागाच नाही. तुमच्या श्रद्धेबद्दल माझे काही म्हणणे नाही. आम्हांला ही तिसरी जागा नाकारता, ते लागते.

तुम्ही मला बायबलातले प्रेषित पौलाचे वचन दाखवलेत, विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड संबंध जोडू नका असे सांगणारे. ते करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. मी शेजारणीकडून पुस्तक आणून वाचले. त्याच करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात तोच पौल सांगतो की विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले आणि तुम्हांला जावेसे वाटले, तर समोर येईल ते चौकशी न करता खा. पुढे तो हेही सांगतो की हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी म्हटले तर खाऊ नका. ठीक आहे. नैवेद्य नको, प्रसाद नको, आरतीला उभे राहायला नको. ते तुमच्या सभासदांनी कधीही नम्रपणे नाकारावे, आम्ही वाईट वाटून घेणार नाही. आमच्याही घरांत सोवळ्याचे, उपासाचे, अमुक वारी मासळी नको असे नियम आहेत. दुसऱ्याचा नियम पाळायला मदत करणे गोव्यातल्या बायकांना शिकवावे लागत नाही. पण साध्या डाळ-भाताला, वाढदिवसाच्या केकला, अभ्यासाला एकत्र बसण्याला तुमच्या पुस्तकात बंदी नाही. शोमरोनी स्त्रीकडे येशूने विहिरीवर पाणी मागितले, तेव्हा यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, असे योहानाने स्पष्ट लिहून ठेवले आहे. मागणारा तो होता. देणारी परकी होती.

माझे यजमान वारले तेव्हा तुमच्या सभेचे एकही घर आले नाही. अंगणात मंत्र म्हटले जातील म्हणून. शेजारणीच्या ज्या मुलाला त्यांनी सायकल शिकवली, ज्याला रात्री-अपरात्री हॉस्पिटलात नेले, तोही आला नाही. त्याने बाराव्या दिवसानंतर फोन केला आणि रडला. मी त्याला दोष देत नाही. नियम त्याने केला नव्हता.

जगात अशा वाटेने पुढे गेलेल्यांचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. ब्रदरन नावाचा पंथ एकोणिसाव्या शतकात आयर्लंड-इंग्लंडमध्ये साध्या, एकत्र भाकरी मोडणाऱ्या लोकांनी सुरू केला. 1848 मध्ये तो फुटला आणि त्यातली एक शाखा एक्सक्लुझिव्ह ब्रदरन म्हणून ओळखली जाऊ लागली. 1960 च्या दशकात त्यांच्या पुढाऱ्याने नियम आवळला : पंथात नसलेल्या कोणाबरोबरही जेवायचे नाही, मग तो नवरा असो की आई-बाप. घरेच्या घरे मोडली. ते लोक दुष्ट नव्हते. शुद्ध राहण्याची इच्छा चांगलीच असते, पण तिला कोणी थांब म्हटले नाही तर ती घरातल्या माणसांवरच उलटते.

आता तुमच्याकडे वळते, अध्यक्ष महाशय. तुम्ही आमच्याच वाड्यावर वाढलात, म्हणून अधिक मोकळेपणाने लिहिते.

मी निवृत्त होण्याआधीची गोष्ट. एक हिंदू मुलगी आणि एक ख्रिस्ती मुलगा पहिली सही करून गेले. दोघे सज्ञान, दोघे नोकरीला. नोटीस फळ्यावर लागली आणि संध्याकाळपर्यंत त्या नोटिशीचा फोटो गावोगावच्या ग्रुपवर फिरला, नावे, पत्ते, आईबापांची नावे यांसकट. दुसऱ्या दिवशी मुलीच्या बापाच्या दुकानासमोर माणसे जमली. मुलीला घरात कोंडण्यात आले, ती दुसऱ्या सहीला मुदतीत येऊ शकली नाही. ती नोटीस कायदेशीर हरकतीसाठी असते : कोणाचे आधीचे लग्न आहे का, वय कमी आहे का. ‘तो आमच्यातला नाही’ ही हरकत त्या कायद्यात नाही. फोटो काढणारे तरुण तुमच्या संघटनेचे होते, हे तुम्ही नाकारले नव्हते.

तेव्हापासून पुढे तुमचे काम वाढले. बसस्टँडवर, कॉलेजच्या फाटकापाशी, किनाऱ्यावर मुला-मुलींची नावे विचारणारी पोरे उभी असतात. नावे वेगळ्या धर्मांची निघाली की फोटो, मग घरी फोन. यातली बहुतेक मुले प्रेमात वगैरे नसतात. एका वर्गातली असतात, नाटकाच्या तालमीवरून परतत असतात, एका दुचाकीवर पेट्रोल वाचवत असतात. तुम्ही प्रत्येक ओळखीत सापळा पाहायला शिकवता. पास्टर म्हणतात मैत्री म्हणजे आत आणायची संधी. तुम्ही म्हणता मैत्री म्हणजे बाहेर ओढण्याचा डाव. मैत्री केवळ मैत्री असू शकते यावर तुम्हा दोघांचाही विश्वास नाही.

फसवणूक होत नाही असे मी म्हणत नाही. खोटे नाव सांगून, आधीचे लग्न लपवून मुलींना फसवणारे मी कागदोपत्री पकडले आहेत, आणि ते सगळ्या धर्मांचे होते. त्यासाठी पोलीस आहेत, निबंधक आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये शक्ती वाहिनी आणि शफीन जहान या दोन्ही प्रकरणांत स्वच्छ सांगितले की सज्ञान माणसाने जोडीदार निवडला तर त्यात कुटुंब, जमात, पंचायत कोणाच्याही संमतीचा प्रश्न येत नाही. आणि ज्या आईबापांना तुम्ही ‘मुलीला वाटणीतून काढून टाका’ असा सल्ला देता, त्यांना हेही सांगत जा की गोव्याच्या वारसा कायद्यात निम्मी मालमत्ता मुलाबाळांसाठी राखीव असते आणि मनाला येईल तसे कोणाला बेदखल करता येत नाही.

तुम्ही इतिहासाचा दाखला नेहमी देता. इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाचा. तो द्यायलाच हवा. 1560 पासून 1812 पर्यंत, मधली काही वर्षे सोडली तर, ती यंत्रणा या भूमीवर होती. 1736 च्या तिच्या फर्मानात नवख्रिस्ती घरांनी अंगणात तुळस ठेवू नये, लग्नात कोणती गाणी म्हणू नयेत, हिंदूंसारखा मिठाशिवाय भात शिजवू नये, इथपर्यंत नियम होते. एवढी मोठी सत्ता स्वयंपाकघरातल्या मिठापर्यंत पोचली होती, कारण तिला भीती शेजाराची होती. एका बांधावर राहणारी माणसे एकमेकांसारखी राहतात, हे तिला खपत नव्हते. त्या फर्मानाला तुम्ही अत्याचार म्हणता, मीही म्हणते. मग नाताळचे ताट परत पाठवा हा तुमचा निरोप कोणाच्या वळणावर गेला?

आणि आपल्या बाजूने काय झाले तेही सांगायला हवे. विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यालेले सगळे गाव बाटले, ही गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. ती घडली की नाही कोण जाणे, पण तिच्यातली एक बाब खरी आहे : बाटलेल्याला परत घ्यायला आपले लोक तयार नव्हते. रोटीबंदी, बेटीबंदी आपणच चालवली. 1928 मध्ये मसूरकर महाराजांनी गोव्यात शुद्धीची चळवळ केली आणि गावडे जमातीतले हजारो ख्रिस्ती पुन्हा हिंदू झाले. त्यांना नवहिंदू म्हटले गेले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे त्यांच्याशी बरोबरीने बसून जेवायला, सोयरीक करायला वरच्या जातींतली किती घरे पुढे आली? तेव्हा अध्यक्ष महाशय, कुंपण घालायची सवय आपल्यालाही जुनीच आहे, आणि तिने आपली माणसे वाढवली नाहीत.

या सगळ्यातून गावाने जे वाचवले ते तुम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर आहे. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला हिंदू बायका तेल घेऊन रांगेत उभ्या राहतात, कारण शिरगावची लईराई देवी तिची बहीण आहे अशी आमची श्रद्धा. शिवोलीचा जागोर, म्हणजे लोकनाट्याचा उत्सव, हिंदू आणि ख्रिस्ती मिळून उभा करतात. कुंकळ्ळी-फातर्प्याच्या छत्र्यांच्या मिरवणुकीत बारा वांगडांच्या (मूळ कुळांच्या) मानात ख्रिस्ती घरेही आहेत, आणि हे त्या कुंकळ्ळीत, जिथे 1583 मध्ये धर्माच्या कारणाने रक्त सांडले. चांदरला मुसळांचा खेळ ख्रिस्ती गावकार खेळतात. यातल्या कोणीही आपला धर्म सोडलेला नाही.

मोठ्या आणि जुन्या संस्थांनीही या प्रश्नावर वाट काढली आहे. कॅथलिक चर्चच्या कायद्यात बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी लग्नाला अडथळा आहे, पण बिशपच्या परवानगीने तो दूर होतो. तशी जोडपी माझ्या टेबलावर सही करून गेली आहेत. 1965 च्या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणेने इतर धर्मांतले जे सत्य आणि पवित्र आहे ते आपण नाकारत नाही असे म्हटले. आमच्या गावच्या मशिदीतही मध्यंतरी बाहेरच्या एका वक्त्याने दुसऱ्यांच्या सणाला शुभेच्छा देऊ नका असे सांगितले. तेव्हा तिथल्याच एका वृद्ध गृहस्थांनी उभे राहून मुम्तहिना या सूरेतली आठवी आयत ऐकवली : ज्यांनी तुमच्याशी धर्मावरून युद्ध केले नाही, तुम्हांला घराबाहेर काढले नाही, त्यांच्याशी भलेपणाने आणि न्यायाने वागायला अल्लाह मनाई करत नाही. असे उभे राहणारे माणूस तुमच्या सभेत आणि तुमच्या संघटनेत अजून कोणी निघाले नाही, याचे मला दुःख आहे.

छोट्या समाजाला विरघळून जाण्याची भीती वाटते, हे मला समजते. मुले बाहेर जातात, पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन परदेशी जातात, घरे कुलपात पडतात, भाषा विसरतात. ही भीती खोटी नाही. पण तिचा भार दहावीतल्या दोन मुलींवर आणि सह्या करायला आलेल्या दोन जिवांवर टाकू नका.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पास्टर, अठरा वर्षांखालच्या कोणाही मुलाला ‘सभेला आणशील तरच मैत्री ठेव’ असे सांगणे बंद करा, आणि ते बंद केल्याचे तुमच्या रविवारच्या सभेतच जाहीर करा. कोणाला सभेचे आमंत्रण द्यायचे असेल तर मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांना उघडपणे द्यावे; आम्ही हो म्हणू किंवा नाही म्हणू. आजारपण आणि मयत यांना कोणताही नियम लावू नका. तुमच्या लोकांनी अंगणाबाहेर उभे राहावे, मंत्र चालू असताना दूर राहावे, पण यावे. आणि ज्या घरात सून-मुलगा सभेचे आणि आई कॅथलिक आहे, त्या घरात आईचा आल्तार कुठे असावा हे आईला ठरवू द्या.

अध्यक्ष महाशय, लग्नाच्या नोटिसांचे फोटो काढणे आणि फिरवणे आजपासून थांबवा. जे ग्रुपवर पडून आहेत ते पुसून टाका. बसस्टँडवरची आणि कॉलेजबाहेरची पोरे घरी बोलवा. त्यांना नोकऱ्या नाहीत, त्यासाठी संघटनेने काही केले तर मी स्वतः अर्ज लिहून द्यायला बसेन. नाताळचे ताट परत पाठवण्याचा निरोप मागे घ्या, ज्या ग्रुपवर टाकलात त्याच ग्रुपवर. आणि ज्या मुलीला कोंडले गेले तिच्या घरी जाऊन तिची माफी मागा.

ग्रामपंचायतीला, देवस्थान समितीला आणि इगर्जीच्या पाद्रींना या पत्राची प्रत देत आहे. इतके दिवस तुम्ही तिघेही ‘हा त्यांचा अंतर्गत मामला’ म्हणून गप्प राहिलात. नोंदणी कार्यालयाच्या फळ्यावरून मुलीचे नाव उचलून बाजारात मांडणे हा कोणाचाच अंतर्गत मामला नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा असा अर्ज मी दिला आहे. त्यावर वाड्यावरच्या हिंदू आणि ख्रिस्ती घरांतल्या बायकांच्या सह्या आहेत. पास्टर आणि अध्यक्ष, तुम्ही दोघांनी त्या दिवशी समोर यावे आणि उत्तर द्यावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त नोंदणी कर्मचारी
बार्देश, गोवा